भाभींच्या घराची चावी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा बाकी सगळं सांगते. गुडघे दुखतात, प्रकाशची ड्युटी बदलली, गिरणीचा पट्टा तुटला. आणि या गोष्टीपाशी आले की समई पुसायला लागते. देवाला काय माहीत नसणार? पण त्याला माहीत असणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडाने बोलणं वेगळं.

तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. आणि दमले म्हणून. लाज वगैरे आहेच, ती काही गेली नाही — पण आधी दमले. एक गोष्ट आत धरून ठेवायची म्हणजे ते कामच असतं. पीठ दळता दळता, गिऱ्हाइकांशी बोलता बोलता, दिवसभर करायचं काम. त्याला सुट्टी नसते.

माझी पिठाची गिरणी आहे. नाशिकला पेठ रोडवर, अगदी शेवटाला. शेवटाला म्हणजे खरंच शेवटाला — आमच्या ओळीत नऊ घरं, आणि नवव्या घराच्या पुढे पालिकेची हद्द संपल्याची पाटी. आमच्याकडून वाचलं तर 'धन्यवाद', पलीकडून आलात तर 'स्वागत'. पलीकडे ग्रामपंचायत. मध्ये ना नाला, ना भिंत, ना साधं झाड. घंटागाडी त्या पाटीपर्यंत येते आणि वळून जाते. रस्त्यावरचे दिवे तर आमच्या चार घरं आधीच संपतात. शहराचं बाकी सगळं आमच्यापर्यंत येता येता थकून जातं, घरपट्टी तेवढी ताजीतवानी पोचते.

रागाने बोलतेय, कळतंय मला. भांडखोर म्हणून ओळीत माझं नावच आहे. पण तुम्हीच सांगा — राहतं घर असेल तर एक दर, त्यात धंदा असेल तर कितीतरी पट. आणि पाटीच्या पलीकडे तोच धंदा, तेवढीच जागा, तर पंचायतीला वर्षाचं जे भरायचं त्यात आमचं एका महिन्याचं विजेचं बिलही भागणार नाही. पलीकडे एक गिरणी सुरू झाली तशा आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या बायका स्कूटीवर डबे ठेवून तिकडे जायला लागल्या. किलोमागे दोन रुपये कमी. माझ्याच दारावरून जायच्या, आणि वर हात करायच्या — काय काकू, बरंय ना? आता मी ते दोन रुपये कुठून कमी करू? गहू तोच, दगड तोच, पीठ तेच.

बघा, मी काय करतेय ते तुमच्या लक्षात आलं असेल. अजून गुन्हा सांगितला नाही आणि बाजू मांडायला बसले. वकील परवडत नाही म्हणून आपणच आपला वकील व्हायचं. तर ते इथे थांबवते. पट्टी जास्त होती हे खरं आहे, पण पट्टीने माझा हात धरून काही करवून घेतलं नाही.

मुमताजभाभी माझी शेजारीण. मधली भिंत एकच. तिचे मालक सलीमभाई टेम्पो चालवायचे, द्राक्षं आणि टोमॅटो घेऊन पेठमार्गे गुजरातेत. आयुष्यभर त्या घाटात वर-खाली करून त्यांनी इथे दोन खोल्या बांधल्या, पुढच्या खोलीत हिरव्या फरश्या घातल्या, आणि दोन वर्षांत गेले. पोरगी शबाना मालेगावला दिलेली, यंत्रमागवाल्यांच्या घरात. भाभी एकटी राहायची. साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. खिडकीशी तिचं पायाचं शिलाई मशीन, त्यावर सलीमभाईंनी आणलेलं निळं कव्हर. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय होती तिला. मी ओरडायची, भाभी, गिळशील एखादी. ती टाचण्यांतूनच हसायची.

वयाने माझ्याहून धाकटी, म्हणून मी अगं-तुगं करायची आणि ती मला ताई म्हणायची, अहो-जाहो करायची. गिरणीच्या तोंडाला पीठ उडू नये म्हणून कापडाची बाही बांधावी लागते, बघितली असेल तुम्ही. ती बाही दरवर्षी भाभी शिवायची. जुन्या मांजरपाटाची, दुहेरी शिवण घालून. पैसे विचारले तर म्हणायची, माझे गहू दळताय ना, झालं मग. आमचे हे वारले तेव्हा गिरणी बारा दिवस बंद होती. तेराव्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायला गेले तर भाभी आधीच पायरीवर बसलेली, हातात गव्हाचा डबा. पहिलं गिऱ्हाईक मी, म्हणाली. डबा अर्धाही भरलेला नव्हता. दळायला नव्हतीच आली ती.

आता मिरचीच्या मशीनचं सांगते.

गिरणीवर भागेना तेव्हा प्रकाश म्हणाला, आई, मसाला दळायचं मशीन घेऊ. प्रकाश माझा मुलगा, ओझरला कारखान्यात कामाला. त्याच्या बोनसमधून घेतलं. लाल रंगाचं, बुटकं, पण आवाज करायला लागलं की भिंती हलवणारं. अडचण अशी की गिरणीची पुढची खोली कागदावर धंद्याची, आणि मागची खोली राहती. मशीनला जागा फक्त मागच्या खोलीत. म्हणजे पालिकेच्या मोजणीवाल्यांनी ते तिथे पाहिलं की आमची मागची खोलीपण धंद्यात गेली. पाटीच्या पलीकडे पत्र्याची एक शेड भाड्याने मिळत होती. शंभर पावलांवर. मशीन तिथे नेलं असतं तर काहीच झालं नसतं. पण मला वाटलं, कशाला भाडं भरा, कोण बघतंय.

मग मोजणी आली.

मोजणी म्हणजे काय ते शहराच्या आतल्या लोकांना नीट कळायचं नाही. दर काही वर्षांनी पालिका माणसं पाठवते. ती टेप लावतात, फोटो काढतात आणि तुमच्या जागेत तुम्ही राहता की कमावता ते ठरवतात. आमच्या ओळीची एक रीत होती. शहराकडच्या बाजूने फोन यायचा की उद्या तुमच्याकडे येतायत, आणि एका रात्रीत सगळी ओळ संसारी व्हायची. सलूनवाल्याने आरसे भिंतीकडे फिरवून त्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलं. टायरवाल्याने टायरांच्या चळतीवर गादी टाकून दिवाण केला आणि त्यावर आपल्या सासूला बसवलं. ती म्हातारी दिवसभर त्या टायरांवर बसून मोजणीवाल्यांना पाणी विचारत होती. हसू येतं अजून. कुणी कुणाचं सांगायचं नाही, एवढा एकच नियम. तो कधी कुणी बोलून दाखवला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता.

आणि दुसरी गोष्ट. घराला कुलूप असलं तर मोजणीवाले बाहेरून अंदाजाने लिहून जातात, आणि एकदा लिहिलं की ते पुसता पुसत नाही. म्हणून गावाला जाणारा माणूस शेजारी चावी ठेवून जायचा. आमचं घर उघडून दाखवा, म्हणजे राहतं घर आहे हे त्यांना दिसेल. भाभी शबानाच्या बाळंतपणाला मालेगावला निघाली तेव्हा चावी माझ्याकडे दिली. लाल दोरा बांधलेली. मोजायला आले तर नीट उघडून दाखवा ताई, आतपर्यंत येऊ द्या, म्हणाली. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच ना. मी चावी गिरणीत काट्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

तुम्हाला कळलं असेल पुढचं. पण मला सांगू द्या.

मोजणीच्या दिवशी सकाळी प्रकाशने दोन हमाल आणले. पहार आणि लोखंडी पाइप घेऊन आम्ही मिरचीचं मशीन माझ्या मागच्या खोलीतून काढलं आणि भाभीच्या पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. मिरच्यांची पाच पोतीपण. भाभीचं शिलाई मशीन जागा करायला मीच कोपऱ्यात सरकवलं. प्रकाश म्हणाला, भाभींना फोन करून विचारायचं का? मी म्हटलं, तिला कशाला त्रास, संध्याकाळी तर परत आणायचंय. तो कामावर गेला. मी कुलूप लावलं. घर बंद आहे, बाई मालेगावला गेलीय, असं सांगणार होते. खिडकीला पडदा, दारात तुळशीसारखी तिची पुदिन्याची कुंडी — बाहेरून बघून कुणी घराशिवाय दुसरं काय लिहिलं असतं? सगळा नीट विचार केला होता मी. गडबडीत झालं, घाबरून झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई आली, हातात टॅब, तोंडाला स्कार्फ, आणि तिच्याबरोबर टेप धरणारा एक माणूस. बाई बिचारी उन्हाने कावलेली. माझ्या माठातलं दोन पेले पाणी प्यायली. गिरणी मोजली, मागची खोली पाहिली — पलंग, कपाट, देव — आणि राहतं घर म्हणून लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला. मग ती भाभीच्या दाराशी आली. मी सांगितलं, बंद आहे, बाई गावाला गेलीय. ती बाहेरूनच लिहायला लागली होती. तेवढ्यात समोरचे पवारकाका बोलले. हे एसटीतून रिटायर झालेले, दिवसभर खुर्ची टाकून रस्त्यावर लक्ष ठेवणारे. अहो, चावी गिरणीवाल्या काकूंकडेच असते की, ती काय खिळ्याला. चांगल्या मनाने बोलले. भाभीचं घर अंदाजाने लिहिलं जाऊ नये म्हणून बोलले.

सगळ्यांनी खिळ्याकडे बघितलं. मीपण बघितलं.

काय करू शकले असते मी? खूप काही. ती चावी जुनी आहे, म्हणता आलं असतं. परवानगीशिवाय उघडत नाही, म्हणून भांडता आलं असतं. भांडायला मला कधी शिकवावं लागलं नाही. किंवा सरळ सांगता आलं असतं, बाई, आत माझं मशीन आहे. पण मी उठले, चावी घेतली आणि दार उघडलं. आधी वास आला. त्या बाईला खोकल्याची उबळ आली, स्कार्फ तोंडावर दाबून तिने खोलीचे फोटो काढले. लाल मशीन, पाच पोती. तिने टॅबवर काहीतरी लिहिलं, मला बोटाने सही करायला लावली. मी गप्प राहिले. सही केली. ती पुढच्या घराकडे गेली.

संध्याकाळी मशीन परत आलं. मी भाभीची फरशी तीन बादल्या पाणी ओतून धुतली. शिलाई मशीन खिडकीशी सरकवलं, निळं कव्हर झटकलं. प्रकाशला सांगितलं, कुलूप बघून गेले. पुढे काय झालं ते त्याने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सव्वा महिन्याने भाभी आली, नातवाचे फोटो दाखवत. आणि शिंकायला लागली. दोन दिवस शिंकत होती. ताई, तुमची मिरची आता भिंतीतून यायला लागली, म्हणाली. मी हसले. चांगली मोठ्याने हसले, आठवतंय मला.

त्यानंतर काही महिने काहीच नाही. मला वाटलं, विसरले असतील, कागद हरवला असेल. सरकारी कामात एवढं हरवतं, तेवढंच कसं हरवलं नाही? एक दिवस भाभी नोटीस घेऊन माझ्याकडे आली. मराठी वाचायला तिला वेळ लागायचा, म्हणून अशी पत्रं माझ्याकडेच यायची. मी चष्मा लावून वाचली. तिच्या घराचा वापर अनिवासी धरला होता. मागच्या काही वर्षांचा फरकही लावला होता. आकडा वाचून दाखवला तेव्हा ती मला म्हणाली, परत वाचा. मी परत वाचला.

ती विचारत राहिली, असं का लिहिलं असेल? तुम्ही उघडून दाखवलं ना ताई? राहतं घर आहे, दिसतं ना? आणि मग मी जे बोलले ते सांगण्यासाठी एवढा लांबचा फेरा मारला आहे. मशीन ठेवलं, दार उघडलं, सही केली — ते सगळं वाईटच. पण त्याला निदान भीतीचा वास होता. हे त्याहून वेगळं होतं. मी नोटिशीची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "भाभी, तुझं शिलाई मशीन बघितलं असेल गं त्यांनी."

ती मशीनकडे वळून बघायला लागली. माझ्या दारातून तिची खिडकी दिसायची. फॉल-पिकोचा काय धंदा म्हणायचा, साडीमागे मिळून मिळून किती मिळतं, असं आधी ती म्हणाली. मग म्हणाली, पण मशीन तर आहे. मग स्वतःलाच बोल लावायला लागली की मी ते आतल्या खोलीत का नाही ठेवलं, खिडकीत कशाला मांडून ठेवलं, सलीम असते तर त्यांनी सांगितलं असतं. मी तिची समजूत काढली. समजूत! हो, काढली. असू दे भाभी, तुला काय माहीत, आपण हरकत घेऊ, अर्ज मी लिहून देते. आणि लिहिला. छान अक्षरात लिहिला.

अर्जाला सुनावणीची तारीख मिळाली. त्याच्या आठ दिवस आधी तिने शिलाई मशीन विकलं. घरात मशीनच नाही म्हटल्यावर साहेब ऐकतील, असं तिला वाटलं. म्हसरूळची एक बाई हातगाडीवाला घेऊन आली. देण्याआधी भाभीने मशीनला तेल घातलं, चाक फिरवून बघितलं, बॉबिनची डबी आणि कात्रीपण देऊन टाकली. कव्हर मात्र ठेवून घेतलं. मी गिरणीच्या दारात उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं. गाडी वळेपर्यंत वेळ होता, आणि ती गाडी ओढणारा काही घाईत नव्हता.

सुनावणीला मी बरोबर गेले. जायलाच हवं होतं ना, अर्ज मीच लिहिलेला. भाभीने इस्त्रीचा बुरखा घातला होता. सलीमभाईंची जुनी बिलं, लाइट बिल, रेशन कार्ड, सगळं एका पिशवीत. साहेब काही वाईट माणूस नव्हता. आमचं ऐकून घेतलं. भाभीने सांगितलं की शिलाई मशीन होतं, पण ते विकलं, आता घरात काही नाही. साहेब म्हणाले, शिलाई मशीनचा इथे संबंधच नाही. आणि त्यांनी समोरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला.

हिरव्या फरश्या. खिडकीचा पडदा. तिच्या भिंतीवरचं मालेगावच्या कापड दुकानाचं कॅलेंडर. आणि मधोमध माझं लाल मशीन.

साहेबांनी खालचं वाचून दाखवलं. मसाला दळण्याचा व्यवसाय. जागामालकाचा स्वतःचा. माहिती देणार — शेजारी.

आता ते दुरुस्त करते. वर मी तुम्हाला म्हटलं की मी गप्प राहिले. तसं नव्हतं. त्या टॅबवाल्या बाईने मला सरळ विचारलं होतं, हे मशीन याच बाईंचं का? आणि मी हो म्हटलं होतं. तिने विचारलं, धंदा त्याच करतात? त्यालाही हो म्हटलं. एकदा नाही, दोनदा. तुम्हाला सांगतानासुद्धा मला ते लपवावंसं वाटलं, यावरून काय ते समजा.

साहेबांनी विचारलं, मशीन कुणाचं आहे मग? भाभी स्क्रीनकडे बघत होती. माझ्याकडे तिने मान वळवली नाही. ते मशीन तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. माझ्या मागच्या खोलीत बसून त्याच मशीनशेजारी तिने मिरच्यांची देठं काढली होती. ती थांबली. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण मला बोलता येईल एवढा वेळ नक्की होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. मी पिशवीचे बंद धरून बसले होते. एक शब्द बोलायचा होता, 'माझं'. दोन अक्षरं. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं भांडणारी बाई मी, आणि माझ्या तोंडातून ती दोन अक्षरं निघाली नाहीत.

मग भाभी म्हणाली, "मेरे घर में है ना साहब. तो मेराच बोलो."

साहेबांनी हरकत फेटाळली. काय करणार ते दुसरं? मालकीण स्वतः म्हणतेय.

ती तसं का बोलली? मला माहीत नाही. माझी लाज राखली, असं म्हणायला मला आवडलं असतं. ते म्हणजे परत माझ्याच सोयीचं. कदाचित तिला माझ्याशी त्या साहेबापुढे भांडायचं नव्हतं. कदाचित एवढ्या वर्षांनंतर आता काही विचारण्यातच तिला अर्थ वाटला नाही. रिक्षात ती नातवाला दात येतायत त्याबद्दल बोलत होती. मी हं, हं करत होते. आरटीओ कॉर्नरच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती गप्प झाली, आणि सुटली तेव्हा परत दातांवर आली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलत राहिली. तेच जड गेलं. एकदा येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर मीही ओरडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. ती गहू आणायची, दळून न्यायची, आणि पहिल्यांदाच दळणाचे पैसे मोजून काट्यावर ठेवायला लागली. मी नको म्हटलं नाही. बाही त्या वर्षी तिने शिवली नाही, मशीनच नव्हतं. पट्टी भरायला जमेना. व्याज चढायला लागलं, दाराला जप्तीची नोटीस चिकटवली गेली. तिने ती ओल्या फडक्याने काढली, पण कागदाचे कोपरे तसेच राहिले. शेवटी शबानाचा नवरा येऊन म्हणाला, अम्मी, विका आणि चला.

विकायच्या आधी ती माझ्याकडे आली. सकाळची वेळ, गिरणी नुकतीच सुरू केलेली. मी बटण बंद केलं. आवाज थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्हीच घेऊन टाका. तुमच्या मशीनला ती खोली माहितीच आहे."

रागाने नाही बोलली. टोमणा होता का? नीट बघायला मी मान वर केली नाही. मी म्हटलं, प्रकाशला विचारते. एवढंच म्हटलं. आणि हो, घेतली आम्ही ती जागा. जप्तीची नोटीस लागलेली, वर थकबाकी — दुसरं कुणी चांगला भाव दिला नसता, आम्हीही दिला नाही. वाटलं तर परत वाचा हे वाक्य. तिच्या घराची किंमत माझ्या खोट्यामुळे पडली आणि त्या पडलेल्या किमतीला ते मी घेतलं. ती गेली त्या दिवशी तिने मला चावी द्यायचा प्रश्नच आला नाही. ती माझ्याकडेच होती, त्याच खिळ्याला. तिने परत मागितलीच नव्हती. पुदिन्याची कुंडी तिने टेम्पोत मांडीवर घेतली.

आता आमची ओळ अर्धी रिकामी आहे. टायरवाला पाटीच्या पलीकडे गेला, सासूला घेऊन. सलूनवालाही गेला. पलीकडची गिरणी जोरात चालते. माझ्या गिरणीची बाही मी बाजारातून आणते. एकेरी शिवणीची, चार महिन्यांत फाटते, मग सुतळीने बांधते. शबानाचा पोरगा शाळेत जायला लागला, असं कुणीतरी सांगितलं. फोन नंबर आहे माझ्याकडे. केलेला नाही.

मिरचीचं मशीन भाभीच्या पुढच्या खोलीत आहे. त्या फोटोत होतं त्याच जागी, खिडकीकडे तोंड करून. दुसरीकडे कुठे नीट बसतच नाही. हिरव्या फरश्या आता लाल झाल्यात, धुतल्या तरी रंग निघत नाही. दरवर्षी त्या खोलीचं वेगळं बिल येतं. वापर, अनिवासी. मसाला दळण. जागामालकाचा स्वतःचा व्यवसाय. वाचून बघते, एकही शब्द चुकलेला नसतो. मग रांगेत उभी राहून भरून येते.